खोडदच्या तबकड्यांची काटकसर

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की राजगुरुनगर आणि आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे टाकून आपण जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला पोचतो. तेथून उजवीकडे खोडदच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात ऊस, द्राक्षे आणि टोमॅटोच्या शेतांवरून डोकावणाऱ्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली ही दुर्बीण ३० तबकड्यांची आहे आणि प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या मुलांबरोबर आम्ही एका तबकडीखाली उभे होतो. आठवीतल्या एका मुलीने मान वर करून विचारले, "सर, यातून तर आभाळ दिसतंय. पाऊसही खाली पडत असणार. मग लहरी कशा अडतात?"

उत्तर आम्ही दिले, पण घाईने. नंतर लक्षात आले की या दुर्बिणीचा आराखडा तयार करणाऱ्यांनी हाच प्रश्न उलट बाजूने विचारला होता : लहरी अडवायला किमान किती धातू पुरतो? आज 'टिकाऊ विकास' हा शब्द अभियांत्रिकीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. वस्तू घडवताना सामग्री कमी लागावी, वस्तू दीर्घकाळ टिकावी आणि तिचा भोवतालाला त्रास होऊ नये, असे त्यात शिकवले जाते. खोडदच्या तबकड्यांचा आराखडा झाला तेव्हा हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. पैसे कमी होते आणि आकाशाची भूक मोठी होती, एवढेच.

या काटकसरीची सुरुवात जुन्या वस्तूंपासून झाली. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) हे या दुर्बिणीचे जनक. १९५३ मध्ये कोलंबो योजनेखाली ते ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले. तेथे पॉट्स हिल या ठिकाणी सूर्याच्या निरीक्षणासाठी ३२ छोट्या तबकड्यांची रांग होती. प्रत्येकीचा व्यास ६ फूट, म्हणजे १.८ मीटर. नवी मोठी रचना ठरल्यावर या तबकड्या तेथे नकोशा झाल्या. त्या भारताला द्याव्यात अशी विनंती स्वरूप यांनी केली आणि ती मान्य झाली. तबकड्या दिल्लीला आल्या, पण स्वरूप पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि काही वर्षे त्या तशाच पडून राहिल्या. १९६३ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून स्वरूप टाटा संस्थेत आले. त्यानंतर त्याच ३२ तबकड्या मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या आणि १९६५ पासून सूर्याचे वेध घेऊ लागल्या. परदेशात टाकाऊ ठरलेल्या वस्तूंवर आपल्याकडच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांची एक पिढी हात बसवून तयार झाली.

पुढची पायरी उटीची. आकाशातला स्रोत पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, तसे दुर्बिणीलाही वळावे लागते. दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल, तर एकाच अक्षाभोवती फिरवून काम भागते. पण शेकडो मीटर लांबीचा अक्ष तिरका उभा करायचा म्हणजे केवढा सांगाडा! स्वरूप आणि सहकाऱ्यांनी सांगाड्याऐवजी डोंगर शोधला. उटीचे अक्षांश साधारण ११ अंश आहेत. म्हणून उत्तर-दक्षिण दिशेने बरोबर तेवढ्याच उताराची टेकडी निवडली आणि तिच्यावर ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद अशी अन्वस्त चिताची (अन्वस्त म्हणजे पॅराबोला) दुर्बीण आडवी ठेवली. ती १९७० मध्ये पूर्ण झाली. तिच्या परावर्तकाला पत्रा नाही. पोलादी चौकटींवर लांबीच्या दिशेने ताणलेल्या ११०० बारीक तारा आहेत. टेकडीने किती टन पोलाद वाचवले याचा हिशेब कोणी मांडला आहे का ते आम्ही पाहिलेले नाही, पण विद्यार्थ्यांना अंदाज करायला लावण्यासारखा तो प्रश्न आहे.

१९८४ च्या सुमारास नव्या, खूप मोठ्या दुर्बिणीचा विचार सुरू झाला. पहिला विचार उटीसारख्याच चितींचा होता. पण चिती ठरावीक पद्धतीनेच आकाश पाहू शकते. कोणत्याही दिशेला वळणारी गोल तबकडी जास्त सोयीची. अडचण अशी की व्यास वाढतो तसे क्षेत्रफळ वर्गाने वाढते, आणि पारंपरिक बांधणीत वजन आणि खर्च त्याहूनही वेगाने वाढतात. न्यू मेक्सिकोतील 'व्हेरी लार्ज अ‍ॅरे' या १९८० मध्ये सुरू झालेल्या दुर्बिणीची २५ मीटर व्यासाची एक तबकडी २०० टनांहून जड आहे. तशा बांधणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या ३० तर सोडाच, ३ बांधतानाही आपल्या तिजोरीचा तळ दिसला असता.

येथे त्या मुलीचा प्रश्न उपयोगी पडतो. रेडिओलहरीला जाळीचे भोक दिसते की नाही, हे भोकाच्या आकाराच्या आणि तरंगलांबीच्या प्रमाणावर ठरते. भोक तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाहून लहान असेल तर लहरीच्या दृष्टीने जाळी जवळजवळ पत्र्यासारखीच असते. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराला हीच युक्ती असते : आतला पदार्थ दिसतो, लहरी बाहेर येत नाहीत. खोडदची दुर्बीण मुळात मीटरभर लांबीच्या लहरींसाठी योजलेली आहे. १५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेला तरंगलांबी २ मीटर भरते. सर्वांत आखूड महत्त्वाची लहर म्हणजे उदासीन हायड्रोजनची, २१ सेंटिमीटरची. म्हणून जाळीची भोके मधल्या भागात १० मिलिमीटर, त्याबाहेर १५ आणि कडेला २० मिलिमीटर ठेवली. कडेच्या जाळीतून २१ सेंटिमीटरची लहर थोडी गळते. ती गळती ठरवून स्वीकारलेली आहे. सगळीकडे बारीक जाळी घातली असती तर वजन वाढले असते आणि हाती फारसे काही लागले नसते.

वर्गात करण्यासारखा एक हिशेब येथे देतो. जाळीची तार स्टेनलेस पोलादाची, ०.५५ मिलिमीटर जाडीची आहे. सरासरी भोक १५ मिलिमीटर धरा. एका चौरस मीटरमध्ये उभ्या सुमारे ६७ आणि आडव्या सुमारे ६७ तारा, म्हणजे साधारण १३३ मीटर तार लागेल. या तारेचे एका मीटरचे वजन जेमतेम १.९ ग्रॅम भरते. म्हणजे चौरस मीटरला पाव किलो! तबकडीचे तोंड सुमारे १६०० चौरस मीटरचे, म्हणून सगळी जाळी अंदाजे ४०० किलोची. तेवढ्याच जागेला १ मिलिमीटरचा पत्रा मारला तर साडेबारा टन होतील. आता तारांनी व्यापलेली जागा काढा : ती एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे ७ टक्के येते. उरलेले ९३ टक्के आकाशच आहे. त्या मुलीची नजर चांगली होती.

पण खरी बचत जाळीच्या वजनात नाही, वाऱ्यात आहे. या तबकड्या ताशी १३३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात टिकतील अशा योजलेल्या आहेत. या वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ८० किलो वजनाइतका जोर लावतो. भरीव पत्र्याच्या तबकडीवर समोरून तो १३० टनांच्या घरात गेला असता आणि तो पेलायला मागचा सांगाडा तेवढाच दणकट लागला असता. सांगाडा जड म्हणून तो फिरवणारी चक्रे जड, ती जड म्हणून पाया मोठा. जाळीमुळे ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. चौकटीवरचा वारा शिल्लक राहतो, पण जाळीवरचा जोर फारच कमी होतो. शिवाय आपल्याकडे बर्फ पडत नाही. थंड देशांतल्या तबकड्यांना बर्फाचे ओझे गृहीत धरावे लागते. जुन्नरला ते गृहीत धरले असते तर केवळ परदेशी पुस्तकात लिहिले आहे म्हणून पोलाद घातल्यासारखे झाले असते.

आता ही जाळी अन्वस्ताच्या आकारात धरायची कशी? येथे स्वरूप यांची मुख्य कल्पना येते. तबकडीच्या मध्यापासून १६ पोलादी चौकटी छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर जातात. दोन चौकटींमधल्या जागेत एरवी कैच्या, आडवे-तिरपे पोलादी दांडे लागतात. त्यांच्या जागी स्टेनलेस पोलादाचे ताणलेले दोर घातले आणि जाळीचे तुकडे त्या दोरांना बांधले. या रचनेला इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'स्मार्ट' हे नाव मिळाले. मूळ शब्दांचा अर्थ एवढाच, की दोरांच्या कैच्यांना जोडलेली ताणलेली जाळी.

दोर का चालतो? खराट्याची काडी दोन्ही टोकांनी दाबा. ती लगेच वाकून मोडते. तीच काडी ओढून पाहा, तुटता तुटत नाही. दाब घेणारा भाग वाकू नये म्हणून जाड करावा लागतो. ताण घेणाऱ्याला ती भीती नसते, म्हणून तो बारीक चालतो. सुंभाने विणलेल्या बाजेवर चार माणसे बसतात ती याच तत्त्वावर. सायकलच्या चाकाचे आरेही ताणाचेच. फिरणारी संपूर्ण तबकडी, तोल साधणारे वजन धरून, सव्वाशे टनांच्या आत बसली. व्हेरी लार्ज अ‍ॅरेच्या तबकडीहून क्षेत्रफळ तिपटीपेक्षा जास्त आणि वजन मात्र जवळपास निम्मे.

ही तुलना वाचून कोणी टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. न्यू मेक्सिकोतल्या तबकड्या सेंटिमीटरहूनही आखूड लहरी पाहतात. त्यासाठी पृष्ठभाग मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूक लागतो आणि ती अचूकता फुकट मिळत नाही. खोडदची तबकडी ते काम करूच शकत नाही. तिची हुशारी अशी, की जे काम करायचे नव्हते त्याचे पोलाद तिने घातले नाही.

हे ऐकायला सोपे वाटते. कारखान्यात सोपे नसते. दोरांच्या रचनेत एक दोर आवळला की शेजारच्या दोराचा ताण बदलतो, म्हणून सगळी तबकडी पुन्हा पुन्हा मापत, सैल-घट्ट करत आकारावर आणावी लागते. पोलाद वाचते, पण कुशल हातांचे तास वाढतात. जेथे पोलाद महाग आणि कुशल माणूस परवडणारा, तेथे हा सौदा चांगला. बांधणीच्या हिशेबासाठी टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि तबकडी फिरवणाऱ्या यंत्रणेसाठी भाभा अणुसंशोधन केंद्र यांचे साहाय्य होते. आणखी एक अडचण सगळ्याच बांधकामांत असते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पोलादी बांधकामाची मजुरी आपल्याकडे बहुधा टनाच्या भावाने ठरते. सल्लागाराचे शुल्कही अनेकदा एकूण खर्चाच्या टक्केवारीत असते. म्हणजे ज्याने डोके लढवून १० टन कमी केले, त्याचेच बिल कमी होते! काटकसरी आराखडे आपल्याकडे कमी का दिसतात याची कारणे शोधणाऱ्यांनी तंत्रज्ञानाइतकेच निविदेच्या कागदांकडेही पाहावे, असे आमचे मत आहे. एक टन पोलाद तयार होताना जगात सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतले तर ही बाब फक्त हिशेबनिसाची राहत नाही.

दुर्बिणीला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९९० च्या दशकात बांधणी झाली. १४ तबकड्या खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या जागेत, तर उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर, भोवतीच्या गावांच्या शिवारांत पसरलेल्या आहेत. टोकांमधले सर्वांत मोठे अंतर सुमारे २५ किलोमीटर. ऑक्टोबर २००१ मध्ये दुर्बिणीचे औपचारिक लोकार्पण झाले. त्यानंतर दीड दशकाने संवेदक, प्रकाशतंतूंची जोडणी, संगणक असे आतले जवळजवळ सगळे बदलले. एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ऐकणारी दुर्बीण आता ४०० मेगाहर्ट्‌झचा ऐकते. चौकटी, दोर आणि जाळी या रचनेला मात्र हात लावावा लागला नाही. जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या नोंदींवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या, त्यात या तबकड्यांच्या नोंदींचाही वाटा होता. १९८० च्या दशकात कागदावर उतरलेली चौकट तिच्या जनकांना तेव्हा ठाऊक नसलेल्या कामी आली. चौकट साध्या पोलादाची असल्याने तिला गंज चढतो, रंग द्यावा लागतो, डागडुजी चालूच असते. टिकाऊपणा म्हणजे एकदा बांधून विसरणे नव्हे, हे तेथल्या रंगकाम करणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

येथपर्यंतची गोष्ट कौतुकाची झाली. तिला दुसरी बाजू आहे आणि ती जुन्नर-आंबेगावच्या लोकांच्या अंगावर पडते. पोलाद कमी वापरणारी ही दुर्बीण दुसरी एक गोष्ट भरपूर मागते : शांतता. कानाला ऐकू येणारी नव्हे, रेडिओची. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला, तर तो या दुर्बिणीला आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. ही जागा निवडली त्याचे एक कारण हेच : सह्याद्रीच्या डोंगरांचा आडोसा, मोठे कारखाने दूर, आणि तरी पुणे जवळ. ही शांतता टिकावी म्हणून परिसरात उद्योग उभारण्यावर निर्बंध आले. त्यानंतरच्या काळात उच्चदाब वाहिन्यांच्या सैल जोडांवरील ठिणग्या, बिघडलेले टीव्हीचे विवर्धक, मोबाइलचे मनोरे असे व्यत्यय वाढत गेले.

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ आखलेला मार्ग मंचर-नारायणगाव भागातून जाणार होता. वरच्या तारेवरून वीज घेत धावणारी गाडी ठिणग्या पाडते, आणि ठिणगी म्हणजे छोटे रेडिओ केंद्रच. २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी दुर्बिणीचे कारण देऊन हा मार्ग बदलावा लागेल असे सांगितले. टोमॅटो आणि द्राक्षे बाजारात लवकर पोचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला, पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलाला याचा राग येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या गावांनी जमिनी दिल्या, कारखान्यांवरचे निर्बंध सोसले, त्यांनाच रेल्वेही नाही. विज्ञानाच्या नावाने त्यांना गप्प बसवणे आम्हाला पटत नाही. दुर्बीण हलवा म्हणणेही पटत नाही, कारण दोरांच्या तबकड्या हलक्या असल्या तरी शांत जागा काही ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. दुर्बीण त्या जागी किती तरी वर्षे उभी होती. मार्गाची पहिली रेघ कागदावर ओढतानाच रेडिओ व्यत्ययाचे माप घेतले असते, तर लोकांची आशा लावून मग ती मोडण्याची वेळ आली नसती. जमिनीची किंमत, पुलांची संख्या, बोगद्यांची लांबी यांचे रकाने आराखड्यात असतात. शांततेचा रकाना नसतो.

हाच रकाना साध्या वस्तूंच्या आराखड्यातही नसतो. आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुका या संस्थेची २ मीटर व्यासाच्या आरशाची प्रकाशीय दुर्बीण २००६ पासून आहे. तिला शांतता नको, अंधार हवा. रस्त्यावरच्या दिव्याला वरून टोपी घातली तर प्रकाश रस्त्यावर पडतो. टोपी नसेल तर त्याचा काही भाग आभाळात जातो आणि त्याचे वीजबिल ग्रामपंचायत भरते. या बाबतीत गाव आणि दुर्बीण यांचे हित एकच आहे. टोपीचा खर्च दिव्याच्या मानाने किरकोळ असतो, पण खरेदीच्या अटींत ती लिहिलेली नसेल तर कारखानदार ती का घालील?

रेडिओच्या शांततेची परीक्षा शाळेतही घेता येते. मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर घ्या, दोन केंद्रांमधल्या रिकाम्या जागी लावा आणि आवाज वाढवा. मग तो घेऊन वर्गातल्या एलईडी दिव्यांजवळ, मोबाइलच्या चार्जरजवळ, पंख्याच्या नियंत्रकाजवळ, सौर पंपाच्या पेटीजवळ जा. काही वस्तूंपाशी मोठी घरघर ऐकू येईल, तर काहींपाशी जवळजवळ काहीच नाही. मुलांना प्रत्येक वस्तूपासून किती पावलांवर घरघर थांबते ते मोजून वहीत लिहू द्या, आणि वस्तूची किंमतही शेजारी लिहू द्या. त्यानंतर एफएम लागणारा छोटा रेडिओ डासांच्या जाळीत सगळ्या बाजूंनी गुंडाळून पाहा. जाळी धातूची हवी, नायलॉनची चालणार नाही. गाणे मंदावले, की भोकांतून पाऊस पडतो पण लहर का पडत नाही, या प्रश्नाकडे पुन्हा वळता येते.

घरघर करणारा आणि गप्प राहणारा, असे दोन दिवे मिळाले तर ते शिक्षकांनी स्वतः उघडून पाहावेत. आधी प्लग काढून दिवे पूर्ण थंड होऊ द्यावेत, आणि आतल्या धारित्रात वीज साठून राहते म्हणून भागांना थेट हात लावू नये. गप्प राहणाऱ्या दिव्यात वीज आत येते तेथे बहुधा तांब्याच्या तारेचे एक छोटे वेटोळे आणि एक-दोन धारित्रे दिसतात. दुसऱ्यात पुष्कळदा तेवढी जागा रिकामीच सापडते.